एकशे दहाच्या वर

२०२३ साली अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्स शहर आणि त्याला लागून पसरलेल्या उपनगरांत, उष्णतेने ६४५ माणसं दगावली. त्यांत मोठा वाटा उघड्यावर राहणाऱ्या बेघरांचा होता आणि त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण दीडशेहून जास्त माणसं घराच्या चार भिंतींच्या आत गेली. काउंटीचं आरोग्य खातं अशा मृत्यूची नोंद करताना घरात एसी होता का, होता तर चालू होता का, बंद असेल तर कशामुळे, हेही लिहून ठेवतं. त्या नोंदी वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. घरात गेलेल्यांपैकी बहुतेकांकडे एसी होता, आणि तो चालत नव्हता.

म्हणून फिनिक्सच्या उन्हाळ्याबद्दल लिहायचं तर ते हवामानशास्त्रज्ञापेक्षा एसी दुरुस्त करणाऱ्याकडून सुरू करावं, असं माझं मत आहे.

आधी त्या उन्हाळ्याचा अंदाज घेऊ. तिथे तापमान फॅरेनहाइटमध्ये मोजतात आणि लोकांच्या बोलण्यातला खरा आकडा ११० हा असतो, म्हणजे आपले ४३ अंश. शंभरची कुणी दखल घेत नाही. २०२३ मध्ये ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस दुपारचा पारा ११०च्या खाली थांबलाच नाही. त्याच जुलैच्या १९ तारखेला पहाटेचं किमान तापमान ९७ होतं, म्हणजे ३६ अंश. पुढच्या वर्षी ११० गाठलेले दिवस ७० भरले. सर्वांत वरचा विक्रम मात्र जुनाच आहे: २६ जून १९९०, १२२ फॅरेनहाइट, सेल्सिअसमध्ये अगदी पन्नास.

नागपूरकर हे आकडे वाचून हसेल. आमच्याकडे मे २०१३ मध्ये ४७.९ झाले होते, आणि ४५ अंशांत लग्नाच्या पंगती आम्ही उठवलेल्या आहेत. पण नागपूरचा कडाका मृगाच्या आसपास मोडतो. फिनिक्सला तो जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुक्काम ठोकून असतो, आणि रात्रीही उठून जात नाही. दिवसा घाम गाळलेलं शरीर रात्रीच्या गारव्यात सावरतं. तो गारवाच नसेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हाताऱ्या माणसाचं हृदय हार मानतं.

त्यात तिथलं घर. लाकडी सांगाडा, वरून सिमेंटचा पातळ गिलावा, छपराखाली पोकळ माळा, आणि त्या माळ्यातून सगळ्या खोल्यांना गार हवा नेणारी नळकांडी. भर दुपारी त्या माळ्यात ६५ अंशांपर्यंत उष्णता साठते. सगळ्या घराला मिळून एकच यंत्र असतं, जुन्या घरांत तर ते थेट छपरावर बसवलेलं. आपल्याकडे बैठकीतला एसी बिघडला तर पोरंबाळं उशा घेऊन आतल्या खोलीत जातात. फिनिक्समध्ये आतली खोली नावाचा प्रकार नाही, यंत्र थांबलं की सगळं घर एकदम थांबतं. आणि खिडकी उघडून काही मिळत नाही, कारण बाहेर आतल्यापेक्षा जास्त तापलेलं असतं.

हे शहर असं बांधलं जाऊ शकलं ते यंत्रामुळेच. १९४० साली फिनिक्सची वस्ती जेमतेम ६५ हजार होती. १९६० मध्ये ती ४ लाख ३९ हजार झाली आणि २०२० च्या जनगणनेत १६ लाखांवर गेली. यंत्राच्या आधीच्या काळी ऐपतदार घरांतल्या बायका-मुलं उन्हाळ्यात डोंगरातल्या गावांना किंवा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला जात. मागे राहिलेले जाळी लावलेल्या ओसरीत, ओल्या चादरी लपेटून झोपत. जाड मातीच्या विटांची जुनी घरं तरी दिवसाची धग संध्याकाळपर्यंत बाहेर थोपवून धरत. वेस्टवर्ड हो हे तिथलं उंच हॉटेल १९२९ च्या सुमारास वातानुकूलित झालं, पण सामान्य माणसाच्या खिडकीत आला तो कूलर.

आपण ज्याला डेझर्ट कूलर म्हणतो तोच. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना लाकडाच्या पातळ तंतूंच्या गाद्या, वरून ठिबकणारं पाणी, आत पंखा. १९३० च्या दशकात ॲरिझोनातले लोक तो घरच्या घरी ठोकून बनवत. टूसॉनच्या ॲरिझोना विद्यापीठातल्या अभियंत्यांनी त्याचं माप, पंख्याचा जोर, गादीची जाडी यांचा अभ्यास करून लोकांना समजेल अशी माहिती छापली. मग फिनिक्समध्ये कारखाने निघाले. तिकडे त्याला दलदलीचा कूलर म्हणतात, कारण गादी वेळेवर बदलली नाही तर घरात तळ्याच्या काठासारखा वास सुटतो. वाळ्याच्या सुगंधात वाढलेल्या आम्हा विदर्भवाल्यांना या बाबतीत तरी थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही.

कूलरचं शास्त्र दोन्हीकडे एकच, आणि त्याची हारही एकाच कारणाने. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, पण हवेत आधीच ओल असेल तर वाफ होणार कशी? ॲरिझोनाच्या वाळवंटातही पावसाळा असतो, आणि तिथले लोक त्याला मान्सूनच म्हणतात. २००८ पर्यंत फिनिक्सचं हवामान खातं तो आला असं कधी जाहीर करत असे? हवेचा दवबिंदू सलग तीन दिवस ५५ फॅरेनहाइट किंवा त्याहून वर राहिला की. साधारण त्याच सुमारास कूलर निकामी होऊ लागतो. जुलै-ऑगस्टचे ते चिकट आठवडे कूलरने निभत नाहीत. म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर लोक कॉम्प्रेसरच्या एसीकडे वळले. काही जुन्या घरांच्या छपरावर अजून दोन्ही दिसतात: मे-जूनला कूलर, पावसाळा लागला की एसी.

आता छपरावर चढू.

जुलैत एसीवाल्याचा दिवस पहाटेच सुरू होतो, कारण दुपारी छपरावर हात टेकवत नाही. शिडीचे दांडे तापतात, पाना सावलीत ठेवला नाही तर हातमोजा घालूनच उचलावा लागतो, गुडघ्याखाली जाड गादी लागते. तिथल्या डांबरी रस्त्याचा पृष्ठभागसुद्धा उन्हाळी दुपारी ७० अंशांच्या वर जातो. त्यावर पडून भाजलेल्या माणसांनी फिनिक्सचा जळीत विभाग दर उन्हाळ्यात भरतो. छप्पर त्याच जातीचं. पण तक्रारींचे फोन पहाटे येत नाहीत. ते येतात दुपारी तीन ते संध्याकाळी सात, जेव्हा यंत्र सर्वांत जास्त ताणलेलं असतं. मग ज्या घरात तान्हं मूल किंवा ऑक्सिजनवर असलेलं माणूस आहे तिथे आधी जायचं आणि बाकीच्यांना उद्याचा वायदा करायचा, हा निवाडा फोन घेणाऱ्याला करावा लागतो. दवाखान्यात याला शिकवून तयार केलेली माणसं असतात. इथे ते काम दुकानातला कारकून करतो.

बिघाड काय असतो? बहुतेक वेळा हास्यास्पद वाटावा इतका छोटा. कपॅसिटर. पत्र्याचा एक गोल डबा, मुठीत मावेल एवढा, कॉम्प्रेसरच्या आणि बाहेरच्या पंख्याच्या मोटरीला सुरुवातीचा धक्का देणारा आणि ती फिरत ठेवणारा. त्यावर मायक्रोफॅरडमध्ये आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ४५ आणि ५. मीटर लावून मापलं आणि आकडा पाच-सहा टक्क्यांपेक्षा जास्त घसरला असेल तर तो बदलायचा. उष्णता हा त्याचा शत्रू, आणि तो बसवलेला असतो उन्हात तापणाऱ्या पेटीत, दिवसभर धडधडणाऱ्या मोटरीशेजारी. थंड प्रदेशात जो डबा पंधरा-वीस वर्षं टिकतो तो इथे चार-पाच उन्हाळ्यांत आतून मरतो. लक्षण ठरलेलं: बाहेरचं यंत्र नुसतं गुणगुणतं, पंखा फिरत नाही. जुने मेकॅनिक जाळीतून काडी घालून पात्याला हलकेच ढकलून बघतात. फिरायला लागला, तर मोटर शाबूत आणि कपॅसिटर गेलेला. घरमालकाने हा प्रयोग करू नये. बंद यंत्रातही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

दुसरा छोटा गुन्हेगार काँटॅक्टर, म्हणजे कॉम्प्रेसरला वीज जोडणारा-तोडणारा खटका. त्याच्या दोन टोकांच्या मधोमध मुंग्या शिरतात, चिरडल्या जातात, त्यांचा थर साचतो आणि जोड होत नाही. हा विनोद नाही, वाळवंटातल्या धंद्यातली नेहमीची तक्रार आहे. झाकण उघडताना आधी काठीने ठोकून घेतात, कारण आत विषारी काळी कोळीण जाळं विणून बसलेली असू शकते, आणि रात्रपाळीला विंचूही. छपरावरच्या यंत्राखाली कबुतरांची घरटी तर ठरलेलीच.

मग धूळ. पावसाळी वादळाच्या पुढे वाळवंटातून धुळीची भिंत चालून येते. ५ जुलै २०११ ला आलेली भिंत दीड किलोमीटरच्या आसपास उंच होती. अशा वादळानंतर बाहेरच्या कॉइलवर मातीचा लेप बसतो, उष्णता बाहेर टाकायला वाट राहत नाही, दाब चढतो आणि सुरक्षेचा खटका पडतो. उपाय काय, तर वीज बंद करून साध्या पाण्याच्या नळीने कॉइल धुणं. यासाठी मोजलेले पैसे आठवून नंतर घरमालक स्वतःच नळी घेऊन उभा राहतो, आणि ते योग्यच आहे.

यंत्राबद्दल एक गोष्ट एसी विकणारे सहसा सांगत नाहीत. त्याच्या पाटीवर लिहिलेली ताकद बाहेर ३५ अंश सेल्सिअस आहे असं धरून मोजलेली असते. फिनिक्सच्या जुलैत एखाद्या पहाटेलाही ३५ अंश असू शकतात. दुपारी ४६ अंशांत तेच यंत्र गारवा कमी देतं आणि वीज जास्त खातं, म्हणजे सर्वांत मोठी गरज असते तेव्हा त्याची ताकद सर्वांत कमी असते. म्हणून चांगला मेकॅनिक ग्राहकाला बाहेरचं तापमान सांगत नाही. तो आत जाणाऱ्या आणि यंत्रातून येणाऱ्या हवेतला फरक मोजतो. तो १० ते ११ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर यंत्र आपलं काम करतंय. मग घर गार होत नसेल, तर दोष माळ्यातल्या गळक्या नळकांड्यांत, भिंतींत किंवा काचांत शोधायचा.

आणि गॅस. आपल्याकडे दर उन्हाळ्याच्या तोंडावर “गॅस कमी झालाय, भरायला लागेल” हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. ते फिनिक्सलाही ऐकू येतं. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. नळ्यांचं वर्तुळ बंद असतं आणि त्यात तोच तो गॅस फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता नुसता भरून देणारा मेकॅनिक पुढच्या वर्षीच्या बिलाची सोय करून जातो. अमेरिकेत गॅस हाताळायला स्वच्छ हवा कायद्याच्या कलम ६०८ प्रमाणे परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि तो हवेत सोडून देणं गुन्हा आहे. जुना आर-२२ तिथे नव्याने बनवणं आणि आयात करणं १ जानेवारी २०२० पासून बंद झालं. ज्यांच्या छपरावर अजून आर-२२ चं यंत्र आहे त्यांना गळती परवडत नाही, कारण उरलेला साठा सोन्याच्या भावाने मिळतो. त्यानंतरच्या आर-४१०एचीही नव्या यंत्रांतून २०२५ पासून गच्छंती सुरू झाली आणि आर-४५४बी व आर-३२ आले. आपल्या भिंतींवरच्या नव्या एसींत आर-३२ कित्येक वर्षं आहे. या एका बाबतीत आपण पुढे होतो.

हिवाळ्याबद्दल थोडं, कारण वाळवंटात हीटर कशाला, असं वाटणं साहजिक आहे. कोरड्या निरभ्र आकाशाखाली जमीन रात्री उष्णता भराभर टाकून देते आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे ७ अंशांच्या आसपास येतात. बऱ्याच घरांत यासाठी वेगळं यंत्र नसतं. त्याच एसीत एक झडप असते, ती फिरली की गॅस उलट वाहतो आणि बाहेरची उष्णता आत येऊ लागते. पहिल्या थंड संध्याकाळी हीटर लावला की सहा महिन्यांची धूळ जळून करपट वास येतो आणि घाबरलेले लोक फोन करतात. तो वास थोड्या वेळाने जातो. घाबरायचं ते ज्याला वासच नाही त्याला. काही घरांत जळाऊ गॅसची जुनी भट्टी असते, तिला आतून तडा गेला तर कार्बन मोनॉक्साइड घरात पसरतो. मेकॅनिकांसाठी हा निवांत हंगाम असतो आणि यंत्र तपासून घ्यायची खरी वेळही हीच. जूनमध्ये तपासणीला कुणाला सवड नसते.

आता पैशांकडे येऊ, कारण बंद एसीच्या मागे बहुतेक वेळा पैसाच असतो. कपॅसिटर दुकानात काही डॉलरांना मिळतो. बसवून दिल्याचं बिल काही शे डॉलरांचं होऊ शकतं. परवाना, विमा, गाडी, छपरावरचा जीवघेणा वेळ हे सगळं त्यात धरलं तरी काही कंपन्यांची बिलं निव्वळ लूट असतात, असं माझं मत झालं आहे. त्यात सर्वांत वाईट प्रकार म्हणजे छोटा भाग गेलेला असताना घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाला अख्खं नवं यंत्र विकणं. नवं यंत्र म्हणजे दहा हजार डॉलर आणि वर. पेन्शनवर जगणारी बाई मग “बघू, ऑक्टोबर येईलच” म्हणून पंख्यापुढे बसते. नोंदीतली ओळ अशी तयार होते.

सर्वांत जास्त हाल चाकांवर आणून टेकवलेल्या पत्र्याच्या घरांत राहणाऱ्यांचे. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी दाखवलं की मॅरिकोपा काउंटीतल्या घरांपैकी अशी घरं पाच टक्केच, पण घरात झालेल्या उष्णतेच्या मृत्यूंत त्यांचा वाटा तीस टक्क्यांच्या जवळ जातो. घर स्वतःचं, जागा भाड्याची. आणि काही जागामालक खिडकीला एसी लावू देत नसत, वस्तीची शोभा जाते म्हणून! २०२४ मध्ये राज्याने कायदा करून ही मनाई काढून टाकली.

भाडेकरूंसाठी फिनिक्स शहराचा नियम जुना आणि चांगला आहे. घरमालकाने दिलेल्या एसीने घर ८२ फॅरेनहाइटपर्यंत, म्हणजे २८ अंशांपर्यंत गार ठेवता आलं पाहिजे. कूलर असेल तर ८६ पर्यंत, म्हणजे तीस अंश. राज्याच्या भाडेकरू कायद्यात गारवा हा पाणी आणि विजेच्या रांगेत बसतो. मालकाने दुरुस्ती टाळली तर नोटीस देऊन, परवानाधारक मेकॅनिककडून काम करून घेऊन, ठरावीक मर्यादेपर्यंतचा खर्च भाड्यातून वळता करता येतो. कागदावर हे सुरेख आहे. ज्याला भाडं थकल्याची भीती आहे तो नोटीस पाठवत नाही, हे मुंबईच्या भाडेकरूला सांगायला नको.

मग विजेचं बिल. सप्टेंबर २०१८ मध्ये सन सिटी वेस्ट या निवृत्तांच्या वसाहतीत एका ७२ वर्षांच्या बाईंची वीज कंपनीने तोडली. त्यांनी थकबाकीपैकी बरीचशी भरली होती, ५१ डॉलर राहिले होते. बाहेर १०७ होते. यंत्र ठीक होतं, पण विजेशिवाय ते बंदच. बाई घरात मृत सापडल्या. बातमी पुढे आली ती दुसऱ्या वर्षी, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात राज्याच्या वीज नियामकाने आपल्या अखत्यारीतल्या वीज कंपन्यांना १ जून ते १५ ऑक्टोबर या काळात थकबाकीसाठी वीज तोडायला बंदी केली.

पुढची भीती मोठी आहे. एकेका घराची वीज सोडा, सगळ्या शहराचीच गेली तर? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने कडक लाटेत फिनिक्सची वीज गेली तर काय, याचं गणित मांडलं. उत्तर आलं, शहरातल्या जवळपास निम्म्या लोकांना रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाची गरज पडेल. आणि एसी स्वतःही निर्दोष नाही. तो घरातली उष्णता नष्ट करत नाही, बाहेर ढकलतो. फिनिक्सच्या काही भागांत या ढकललेल्या उष्णतेने रात्रीचं तापमान एक अंशाहून जास्त वाढतं, असं ॲरिझोना स्टेटच्याच संशोधकांनी २०१४ मध्ये मांडलं. म्हणजे ज्याच्याकडे चालू यंत्र आहे त्याची धग रस्त्यावर झोपणाऱ्याच्या वाट्याला येते. यावर झाडं, सावली, पांढरी छपरं, चांगल्या भिंती असे उपाय सांगितले जातात आणि ते खरे आहेत, पण येत्या जुलैत एकट्या म्हातारीला त्यांचा उपयोग नाही. तिला उपयोग आहे चालू कपॅसिटरचा आणि तो वेळेत बसवणाऱ्याचा. २०२४ मध्ये काउंटीतले मृत्यू ६०८ झाले. दशकभर चढत आलेला आकडा पहिल्यांदा उतरला. रात्रभर उघडी ठेवलेली थंड केंद्रं आणि गरिबांचे एसी सरकारी पैशाने दुरुस्त करून देणं, या दोन गोष्टी त्या काळात काउंटीने वाढवल्या होत्या. आकडा त्यांच्यामुळेच उतरला असं मी ठामपणे म्हणणार नाही, पण पैसा योग्य जागी गेला एवढं नक्की.

आपल्या चंद्रपूर, अकोला, नागपूर, जळगावात आता मध्यमवर्गाच्या घरी एसी आले आहेत, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची घरंही वाढली आहेत. मुलगा पुण्यात, मुलगी कदाचित फिनिक्सजवळच्या चँडलरमध्ये संगणकाच्या चिपांच्या कारखान्यात. अशांनी एप्रिलची वाट न पाहता फेब्रुवारीतच आईवडिलांचा कूलर-एसी तपासून घ्यावा, कपॅसिटर मीटरवर मोजून घ्यावा. गॅस भरायला सांगितलं तर गळती कुठे आहे ते आधी विचारावं.

आणि एक मागणी लोकप्रतिनिधींकडे. आपल्या वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीदाराला पंधरा दिवसांची नोटीस देऊन वीज तोडता येते. त्या कलमात उन्हाळ्याचा उल्लेख नाही. विदर्भ आणि खानदेशापुरती तरी, एप्रिल ते जून घरगुती वीज थकबाकीसाठी तोडू नये अशी बंदी महाराष्ट्राने आणावी. ॲरिझोनाने ती एका मृत्यूनंतर आणली, आपण आधी आणू शकतो.